बाबांची बंदूक डिकीतून नेताना

बाबा गेले २ फेब्रुवारी २०२३ ला. त्यांच्या मागे काजूची बाग, नारळीची पन्नासेक झाडं आणि माडीवरच्या लोखंडी कपाटातली बारा बोअरची दुनळी बंदूक राहिली. परवाना शेतीसंरक्षणाचा. सिंधुदुर्गात अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत. वांदर आणि डुकरं यांना हुसकायला बार काढायचा, एवढंच तिचं काम. बाबांनी तिने काही मारलेलं मला आठवत नाही. मात्र ती हाताळण्याची त्यांची शिस्त पक्की आठवते. "रिकामी आसली तरी भरलेलीच समाजायची," हे वाक्य आम्ही दोघी बहिणी पाढ्यांच्या आधी शिकलो असू.

हे लिहायला बसले त्याचं कारण असं, की वारसाने परवाना मिळवण्याबद्दल विचारलं तर चार माणसं चार सल्ले देतात, पण बंदूक गाडीतून नेताना ती नेमकी कशी न्यायची हे मला कुणीच धड सांगितलं नाही. जमा करायला ठाण्यात, सोडवून घरी, दुरुस्तीला कोल्हापूरला, अशा पावणेदोन वर्षांत माझ्या सात फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला मी तिला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं होतं. ते चूक होतं आणि तसं कुणी करू नये.

ती पहिली फेरी तेराव्यानंतरची, १६ फेब्रुवारीची. परवानाधारक वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो, आणि घरात उरलेली बंदूक कुणाच्याच नावावर राहत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं, की अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दिवसकार्यात हे कुणाच्या लक्षात नसतं. आमच्याही नव्हतं. शेजारच्या निवृत्त हवालदार काकांनी दाराशी येऊन हळूच सांगितलं, म्हणून कळलं. ठाण्यात अंमलदारांनी चादर उलगडली, मोकळ्या नळीतून आरपार पाहिलं आणि म्हणाले, "ताई, अशी उघडी आणू नका परत. कुणी काच फोडून उचलली असती तर?" ते रागाने बोलले नाहीत. पण घरी येईपर्यंत माझे हात थंडगार होते, कारण वाटेत मी पेट्रोल भरायला थांबले होते आणि पैसे द्यायला गाडीपासून दूर गेले होते.

जमा पावती घेताना बंदुकीच्या अंगावरचा क्रमांक, नळ्यांवरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या आपल्या डोळ्यांदेखत लिहून घ्यावी. माझ्या पावतीवर नळ्यांचा क्रमांक राहिला होता. तो नंतर टाकून घ्यायला एक वेगळा दिवस गेला.

वारसाच्या अर्जाचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी स्वतंत्र नियम आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. शिवाय परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. बाबा त्र्याहत्तरचे होते. हा नियम आम्हाला तीन वर्षं आधी ठाऊक असता तर शांतपणे, ते असतानाच हे झालं असतं. तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेले परवानाधारक असतील तर एवढं तरी त्यांच्याशी बोलून ठेवा.

मी मार्च २०२३ मध्ये अर्ज केला. ए-१ नमुना, मृत्यूचा दाखला, बाबांचा मूळ परवाना, सातबारा, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित साठवणीचं हमीपत्र, आणि आई व ताई यांची संमती. ताईचं संमतीपत्र सासरच्या नावाने केलं होतं, तर रेशनकार्डावर माहेरचं नाव. ही चूक माझी. त्यात जुलै उजाडला. पोलीस चौकशी ऑगस्टमध्ये झाली. एक उपनिरीक्षक घरी आले, कपाट पाहिलं, त्याचं कुलूप स्वतः ओढून पाहिलं आणि शेजारच्या दोन घरी जाऊन आमच्याबद्दल विचारलं. त्यांनी आईला विचारलं, "तुमचं काय म्हणणं? घरात परत बंदूक हवी का?" आई म्हणाली, "माका भय तिचा नाय, निष्काळजीपणाचा." साहेबांनी ते मराठीत लिहून घेतलं.

परवाना ११ डिसेंबर २०२३ ला हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली आहे, पूर्वी ती तीन होती. क्षेत्र, म्हणजे बंदूक कुठवर नेता येते ते: फक्त जिल्हा. हा एक शब्द पुढे किती महत्त्वाचा ठरणार हे तेव्हा ध्यानात आलं नाही. २० डिसेंबरला मी बंदूक सोडवून घरी आणली, आणि तीनच महिन्यांत, १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीपुरती बंदूक जमा करण्याची नोटीस आली. ऐन काजूच्या दिवसांत परत ठाण्यात. आमच्याकडचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला, आणि बंदूक घरी आली तेव्हा पाऊस सुरू झालेला होता.

अडीच महिने दमट खोलीत राहिल्याने नळ्यांवर तांबूस ठिपके आले होते. कोकणात हे कुठेही होतं, अगदी आमच्या कपाटातही. जमा करताना मी तेलाचा हात फिरवायला हवा होता, तो फिरवला नव्हता. पण ठिपक्यांहून गंभीर गोष्ट वेगळीच निघाली. मधून उघडणारी ही बंदूक मिटल्यावर तिला बंद धरणारी कळ पूर्ण बसत नव्हती. हाताने ढकलली की बसे, जरा हलवलं की सैल होई. बार काढताना नळी उघडली तर काय होईल हे बाबांनी एकदा सांगितलं होतं. मी ती कपाटात ठेवली आणि काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या तिजोरीत हलवली.

दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी लागते. चौकशीअंती कोल्हापूरचा एक विक्रेता ठरला. तिथे 'फक्त जिल्हा' आडवा आला. भावोजी म्हणाले, "मी घेऊन जातो, तू कशाला दगदग करतेस?" कायद्यात याची सोय आहे. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. पण अधिकारपत्राने क्षेत्र वाढत नाही. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी हवी. मी ८ जुलैला अर्ज दिला. त्यात बंदुकीचा क्रमांक, बिघाड, विक्रेत्याचं नाव, त्याच्या परवान्याची छायाप्रत, गाडीचा क्रमांक आणि जाण्यायेण्याचा मार्ग लिहिला. मार्ग लिहा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तो लिहायला बसले म्हणूनच नकाशा नीट पाहिला, आणि पाहिला हे बरं झालं.

आमच्याकडून कोल्हापूरला जायला फोंडा घाट हा पुष्कळांचा नेहमीचा रस्ता. तो दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातून जातो. ते अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. बंदूक मोडकी आहे, डिकीत आहे, सरकारी रस्त्यावर आहे, असं म्हणून सुटता येईल की नाही हे मला रस्त्यात उभं राहून ठरवायचं नव्हतं. करूळ घाट तेव्हा रुंदीकरणासाठी बंद होता. राहिला आंबोली घाट. पण आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज असं गेलं की फोनमधला नकाशा सरळ संकेश्वरावरून महामार्गाला नेतो, आणि संकेश्वर कर्नाटकात आहे. निपाणीही कर्नाटकातच. एरवी आपण ती हद्द ओलांडल्याचं आपल्या गावीही नसतं. परवाना महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचा, परवानगी दुसऱ्या एका जिल्ह्यासाठी, आणि गाडी मधेच दुसऱ्या राज्यात, हे मला चाललं नसतं. म्हणून आजऱ्याहून गारगोटी, मुदाळतिट्टा आणि कोल्हापूर असा मार्ग लिहिला. सगळा महाराष्ट्रातला. घाटमाथ्याजवळ आणि सीमेलगत राहणाऱ्यांनी हे आधी कागदावर आखावं. नकाशा फक्त वेळ वाचवतो, हद्द सांगत नाही.

परवानगी १९ सप्टेंबरला मिळाली. गणपती होऊन गेले होते. मधल्या दोन महिन्यांत मी डिकीची तयारी केली, आणि मला मुख्यतः सांगायचं आहे ते हेच.

माझी गाडी छोटी, मागे काचेचं दार असलेली. पूर्ण जुळलेली बंदूक सुमारे चार फूट. ती डिकीत आडवी मावत नाही. तिरपी घालावी तर मागची सीट दुमडावी लागते, म्हणजे डिकी आणि बसायची जागा एकच होते. मग डिकीत ठेवल्याचा उपयोगच काय? उपाय बंदुकीतच आहे. दुनळीच्या पुढचा लाकडी तुकडा काढला आणि ती मधून उघडली की नळ्या वेगळ्या होतात आणि दस्ता वेगळा. नळ्या तीस इंची. एवढा तुकडा कुठल्याही छोट्या गाडीच्या डिकीत आडवा बसतो. शिवाय सुटे भाग जोडल्याशिवाय बार काढता येणार नाही. उचलणाऱ्यालाही आणि चुकून हात लावणाऱ्या पोरालाही.

मी कडक प्लास्टिकची, आत स्पंज असलेली, कुलपाला दोन भोकं असलेली पेटी घेतली, ३,८०० रुपयांना. कापडी पिशवीही मिळते, स्वस्त आणि हलकी. पण ती बंदुकीच्या आकाराची असते आणि दुरून ओळखू येते. माझी पेटी एखाद्या वाद्याची किंवा हत्यारांची वाटते. तिच्यावर कसलंही नाव किंवा चित्र नाही, आणि गाडीच्या काचेवरही मी काही चिकटवलेलं नाही. दोन पितळी कुलपं घेतली, किल्ल्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात घातल्या नाहीत. गाडी धुवायला किंवा लावायला देताना आपण सगळा जुडगाच देतो. त्या किल्ल्या माझ्या गळ्यातल्या दोरीला.

पेटी बांधून ठेवायला प्लास्टिकचं आवरण असलेली जाड पोलादी तार घेतली, मोटरसायकलला लावतात तशी, ६५० रुपयांची. तार पेटीच्या मुठीतून काढायची आणि गाडीच्या हलणार नाही अशा भागाला अडकवायची. इथे मी चुकले. डिकीच्या तळाशी गालिचा उचलला की स्टेपनी दिसते आणि तिच्या मधोमध जाड बोल्ट. मला वाटलं, याहून पक्कं काय असणार? तार तिथे बांधली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

घरी मी दोन रात्री सराव केला. अंगणात गाडी उभी करून पेटी बसवली आणि मग चोराच्या नजरेने गाडी पाहिली. भाचा नऊ वर्षांचा. त्याला म्हटलं, "दार बंद आहे, बघ डिकीपर्यंत पोचता येतं का." पेटी अर्थात रिकामी होती. तो मागच्या सीटवर चढला, वरची खुंटी ओढली, सीट पुढे पडली आणि अर्ध्या मिनिटात त्याचा हात पेटीवर होता. माझ्या पोटात गोळा आला. डिकीचं कुलूप म्हणजे फक्त मागच्या दाराचं कुलूप, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत शिरलेल्याला ती उघडीच असते. मोठ्या, वेगळ्या डिकीच्या गाड्यांतही बऱ्याचदा मागची सीट दुमडते, आणि चालकाच्या पायाशी डिकी उघडायची कळ असते. म्हणून पेटीची कुलपं आणि तार हवीच. आणि तरीही, एवढं सगळं करूनही, ती तार चांगल्या कटरने तुटते. ही व्यवस्था झटकन उचलून नेणाऱ्याला रोखते. निवांत वेळ मिळालेल्याला रोखत नाही. मी स्वतःसाठी नियम केला तो यातूनच: पेटी डिकीत आहे तोवर दोघांपैकी एक माणूस गाडीजवळ. जेवायला, चहाला, लघवीला, कशालाही दोघं एकदम उतरायचं नाही. आणि डिकीत रात्र काढायची नाही, अंगणातल्या गाडीतसुद्धा.

काडतुसं या फेरीला घरीच ठेवली. दुरुस्तीला त्यांची गरज नव्हती. जमा करायला जाताना ती न्यावी लागतात, तेव्हा मी ती कुलपाच्या छोट्या डब्यात घालून पुढच्या बाजूला, कुलूप लागणाऱ्या कप्प्यात ठेवते. बंदूक मागे, काडतुसं पुढे, किल्ल्या वेगवेगळ्या. उन्हात बंद गाडी किती तापते हे सगळ्यांनाच माहीत आहे. काडतुसांना तशा उष्णतेत तासन् तास ठेवणं बरं नाही, म्हणून ठाण्याच्या आवारात सावली शोधायची आणि लगेच आत न्यायची.

२४ सप्टेंबर, मंगळवार. पहाटे साडेपाचला मी माडीवर बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून दिव्याकडे पाहिलं, भावोजींनाही पाहायला लावलं, मग भाग सुटे करून पेटीत ठेवले. पेटी अंगणात, फाटक बंद असताना डिकीत चढवली. हे महत्त्वाचं आहे. जिथे पोचायचं तिथे किंवा वाटेत डिकी उघडून मांडामांड करायची नाही, कारण पाहणाऱ्याला नेमकं तेव्हाच कळतं. परवाना आणि परवानगीपत्र दोन्ही मूळ प्रती माझ्या पर्समध्ये, छायाप्रती भावोजींच्या खिशात.

घाट चढून वर आलो तर नाक्यावर गाड्या थांबवत होते. गोव्याकडून येणारी दारू पाहायला तिथे बऱ्याचदा डिक्या उघडतात. माझं तोंड कोरडं पडलं, जसं काही आम्ही गुन्हाच केला होता. शिपायाने "डिकी उघडा" म्हणायच्या आत मी काच खाली करून सांगितलं, "साहेब, डिकीत परवान्याची बंदूक आहे. रिकामी आहे, सुटी केलेली आहे, पेटीला कुलूप आहे. काडतुसं नाहीत. कागद देऊ का?" आधी सांगितल्याने फार फरक पडला. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, कागद वाचले, गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मग विचारून, त्यांच्यासमोर, मी पेटी उघडली. त्यांनी नळ्यांवरचा क्रमांक परवान्याशी जुळवून पाहिला आणि वहीत नोंद केली. पंधरा मिनिटं. जाताना साहेब म्हणाले, "सगळ्यांनी असं आणलं तर आम्हाला काय त्रास?" आंबोलीचं धुकं तेव्हा मला प्रथमच दिसलं, तोवर मी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे पाहिलंच नव्हतं.

आजरा ओलांडून गारगोटीच्या वाटेला लागलो आणि डावं मागचं चाक बसलं.

आता विचार करा. स्टेपनी डिकीच्या तळाशी. तिच्यावर गालिचा, गालिच्यावर पेटी, आणि पेटी स्टेपनीच्याच बोल्टला तारेने बांधलेली. रस्त्याच्या कडेला, दोन्हीकडे उसाची शेतं, डिकी सताड उघडी, आणि मी गळ्यातली किल्ली काढून वाकलेली. दोन मोटरसायकलवाले मदत करायला थांबले. भली माणसं. एकाने पेटीला हात घातला, "ही खाली ठेवू काय?" मी जवळजवळ ओरडलेच, "नको, राहू दे!" तो दचकला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. मी पेटी स्वतः उचलून मागच्या सीटच्या पायाशी ठेवली, आत बसले, दारं लावून घेतली, आणि भावोजींनी त्या दोघांच्या मदतीने चाक बदललं. वीस मिनिटं मी पेटीवर पाय ठेवून बसले होते. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

त्या दिवसापासून तार स्टेपनीला नाही. मागच्या सीटच्या बिजागरीचा लोखंडी कंस गाडीच्या पत्र्याला जाड बोल्टने बसवलेला असतो, तिथे ती अडकवते. तार एवढी लांब ठेवते की पेटी न सोडता थोडी बाजूला सरकवून खालचा गालिचा उचलता येईल. आणि निघायच्या आधी पाचही चाकांची हवा.

कोल्हापुरात पोचलो दीडला. दुकान दुपारचं बंद, चारला उघडणार. मी फोनवर "मंगळवारी आहे ना उघडं?" एवढंच विचारलं होतं, वेळ विचारली नव्हती. अडीच तास गाडीतच. आळीपाळीने जेवलो. मी उतरले की भावोजी गाडीत, ते उतरले की मी. एका झाडाखाली जागा मिळाली होती, ती सोडायची नाही म्हणून इंजिन बंद, काचा अर्ध्या. खरं सांगायचं तर या अडीच तासांत मला त्या पेटीचं ओझं पहिल्यांदा अंगावर जाणवलं. बाबा ही बंदूक खांद्याला लावून बागेत जात तेव्हा तिचं वजन त्यांच्याबरोबर चालत असे. गाडीत ठेवली की आपण तिला विसरू शकतो. दहा मिनिटं मी खरोखरच विसरले, फोनवर ताईशी बोलत राहिले, आणि मग दचकून मागे वळून पाहिलं.

विक्रेत्याने परवाना, परवानगी आणि बंदुकीवरचे क्रमांक पाहून नोंदवहीत लिहिलं आणि पावती दिली. कळ धरणारा खिट्टीसारखा भाग झिजला होता. पंधरा दिवस लागतील, ४,५०० रुपये. रिकामी पेटी घेऊन परत निघालो तेव्हा मुदाळतिट्ट्याला दोघं एकदम उतरून चहा प्यायलो.

८ ऑक्टोबरला परत गेलो. त्यांनी कळ माझ्याकडून वीस वेळा उघडून मिटून घेतली. येताना आंबोलीत परतीचा पाऊस असा कोसळला की पुसण्या पुरेनात. घरी आलो रात्री नऊला. थकवा इतका होता की पेटी तशीच कपाटात ठेवावीशी वाटली. पण स्पंज दमट हवा धरून ठेवतो, बंदूक त्यात झाकून राहिली तर गंज चढतो, हे दुकानात बजावून सांगितलं होतं. पेटी प्रवासापुरतीच. बाहेर काढली, सुक्या फडक्याने पुसली, तेलाचा हलका हात फिरवला आणि कपाटात उभी केली. पेटी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवली आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या.

सगळा खर्च जोडला तर पेटी, कुलपं आणि तार मिळून पाच हजारांच्या आत, दुरुस्ती ४,५००, दोन फेऱ्यांचं पेट्रोल साधारण पाच हजार, पंक्चर दीडशे. सर्वांत महाग गेले ते दिवस, पण ते लिहून ठेवलेले नाहीत.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. बाबा बंदुकीची पूजा करायचे, कोयता आणि नांगराच्या फाळाबरोबर. मागच्या वर्षी ती ठाण्यात होती म्हणून आईने नुसत्या परवान्याच्या छायाप्रतीवर झेंडूचं फूल ठेवलं होतं. या वर्षी मी माडीवरून बंदूक आणली, उघडून पाटावर ठेवली, दोन्ही नळ्या मोकळ्या सगळ्यांना दिसतील अशा. भाच्याला हात लावायचा होता. त्याला आधी नळीतून आरपार पाहायला लावलं, मग तोंड जमिनीकडे ठेवून धरू दिलं. आईने आपट्याचं पान ठेवलं आणि काही न बोलता आत गेली.

तीन दिवसांनी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. नोटीस यायच्या आतच मी बंदूक सुटी केली, नळ्यांना आतून बाहेरून तेल लावलं, काडतुसं मोजून डब्यात घातली. ठाण्याच्या आवारात आंब्याखाली गाडी लावली. ते पहिल्या फेरीचे अंमलदार बदली होऊन गेले होते. नवीन होते त्यांनी विचारलं, "बंदूक कुठाय?" मी म्हटलं, "डिकीत, कुलपात. तुम्ही म्हणाल तेव्हा आणते." ते म्हणाले, "आणा," आणि पावतीपुस्तक काढलं. नळ्यांचा क्रमांक मी त्यांना वाचून दाखवला.